शिरका-निर्मितीतील बिघाड आणि साधनांची शिस्तबद्ध मांडणी

फळांचा हंगाम भरात असताना बाजारभाव कोसळतो आणि आकाराने लहान, डागाळलेली, परंतु कुजलेली नसलेली फळे शेतातच पडून राहतात. जांभूळ, द्राक्ष, सफरचंद, काजूची बोंडे आणि उसाचा रस यांपासून नैसर्गिक व्हिनेगर, म्हणजेच शिरका, तयार करणे हा अशा मालाचे मूल्य वाढविण्याचा एक व्यवहार्य मार्ग आहे. लुधियाना येथील पंजाब कृषी विद्यापीठाने ऊस, जांभूळ, द्राक्ष इत्यादींपासून शिरका तयार करण्याचे तंत्र विकसित केले आहे. त्याआधारे अनेक लघुउद्योगही उभे राहिले आहेत.

शिरक्याची कृती एका पानावर मावेल इतकी सोपी आहे. तरीही नव्या उत्पादकाच्या सुरुवातीच्या काही घाणी बिघडतात. रस नासतो, झाकण उडते, शिरका पुरेसा आंबट होत नाही किंवा झालेला आंबटपणा पुन्हा उतरू लागतो. अशा बिघाडांची कारणे तपासली असता बहुतेक वेळा कृती बरोबर आणि साधनांची व्यवस्था चुकीची, असे चित्र दिसते. प्रस्तुत लेखात हे बिघाड कसे घडतात आणि साधनांच्या योग्य मांडणीने ते कसे टाळता येतात, याचा विचार केला आहे.

दोन टप्पे, दोन विरुद्ध गरजा

शिरका दोन टप्प्यांत तयार होतो. पहिल्या टप्प्यात यीस्ट रसातील साखरेचे मद्यार्क आणि कर्बवायू यांत रूपांतर करते. हा टप्पा हवाबंद वातावरणात नीट पार पडतो. दुसऱ्या टप्प्यात ॲसिटोबॅक्टर गटातील जीवाणू मद्यार्कापासून ॲसिटिक आम्ल बनवितात. त्यांना भरपूर हवा लागते. म्हणजे पहिल्या टप्प्यात जी हवा घातक, तीच दुसऱ्या टप्प्यात अत्यावश्यक ठरते. लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात या दोन्ही क्रियांमागे सजीव सूक्ष्मजीव असल्याचे दाखवून दिले. वाइनवरील त्याचा ग्रंथ १८६६ मध्ये, शिरक्यावरील १८६८ मध्ये आणि बिअरवरील १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला.

इंग्लंड-अमेरिकेत घरी बिअर बनविण्याचा छंद मोठा आहे. ब्रिटनमध्ये १९६३ पासून त्यासाठी परवान्याची अट राहिली नाही, तर अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने १९७९ पासून ठरावीक मर्यादेत त्यास मुभा मिळाली. तेथील छांदिष्टांना ज्या जीवाणूंची धास्ती असते, त्यांत हा ॲसिटोबॅक्टरही आहे. एका अस्वच्छ नळीतून तो शिरला की बिअर आंबते. म्हणून ते आपली भांडी, नळ्या आणि झडपा काटेकोरपणे वेगळ्या ठेवतात. शिरका-उत्पादकाचे काम त्याहून अवघड आहे, कारण बिअरचा हा शत्रू त्याच्याकडे कामगार म्हणून त्याच छपराखाली नांदत असतो. कामगाराने वेळेआधी आणि नेमून दिलेल्या जागेबाहेर काम सुरू करू नये, हेच साधनांच्या मांडणीचे उद्दिष्ट आहे.

येथे एक कायदेशीर बाब ध्यानात ठेवावी. भारतात मद्यनिर्मिती हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असून परवान्याशिवाय मद्य तयार करणे गुन्हा ठरतो. गुजरात व बिहारसारख्या राज्यांत दारूबंदी आहे. शिरक्याच्या पहिल्या टप्प्यात मद्यार्क तयार होत असल्याने काम सुरू करण्यापूर्वीच राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे लेखी विचारणा करावी. विक्रीसाठी अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना घ्यावा.

पहिल्या टप्प्यातील बिघाड

*झाकण उडणे व भांडे फुटणे.* एक किलो साखर आंबताना २५० लिटरहून अधिक कर्बवायू बाहेर पडतो. ५० लिटर उसाच्या रसात सात किलोच्या आसपास साखर असते. म्हणजे एका घाणीतून दीड हजार लिटरहून अधिक वायू निघतो. भांडे घट्ट बंद केले, किंवा वायू बाहेर नेणाऱ्या नळीत फळाचा गर अडकला, तर दाब वाढून झाकण उडते. काचेचे भांडे असल्यास गंभीर इजा होऊ शकते. भांड्याचा वरचा एक-चतुर्थांश भाग फेसासाठी रिकामा ठेवावा. रस गाळून घ्यावा. वायूची नळी रुंद असावी व तिचे दुसरे टोक पाण्याच्या बाटलीत बुडवावे, म्हणजे वायू बाहेर पडतो, पण हवा व चिलटे आत शिरत नाहीत. पहिले तीन-चार दिवस नळी सकाळ-संध्याकाळ तपासावी.

कर्बवायू हवेपेक्षा जड असल्याने तो खोलीच्या तळाशी साचतो. त्याला वास नसतो. तळघर, खड्डा किंवा खिडक्या नसलेली कोठी किण्वनासाठी वापरू नये. मोठ्या टाकीत उतरून ती धुणे जीवघेणे ठरू शकते. टाकी बाहेरूनच, लांब दांड्याच्या ब्रशने धुवावी.

*किण्वन सुरू न होणे.* उसाचा रस उकळून, मळी काढून थंड होण्याआधीच यीस्ट मिसळले, तर ते मरते. रसाचे तापमान ३० अंश सेल्सियसवर आल्याची खात्री तापमापकाने करावी, हाताने अंदाज घेऊ नये. कोरडे यीस्ट प्रथम कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवावे. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट प्रमाणाबाहेर पडल्यानेही किण्वन अडते. चिमटीने किंवा चमच्याने न मोजता लहान इलेक्ट्रॉनिक काट्यावर त्याचे वजन करावे.

उसाचा रस व गूळ यांत यीस्टला लागणारे नत्र कमी असते. त्यासाठी काही कृतींत डायअमोनियम फॉस्फेट सुचविलेले असते. शेतकऱ्याच्या घरी डीएपीचे पोते असतेच आणि येथेच घातक चूक होते. खताचा डीएपी खाद्य दर्जाचा नसतो. त्यात जड धातूंसह इतर अशुद्धी असू शकतात. तो कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. खाद्य दर्जाचे यीस्ट-पोषक मिळत नसेल, तर उसाच्या रसात फळांचा रस मिसळणे श्रेयस्कर.

*अकाली आंबटपणा.* यीस्टचे काम पूर्ण होण्याआधी रस आंबला, तर यीस्ट मंदावते, साखर शिल्लक राहते आणि शिरका सौम्य व गोडसर होतो. दुसऱ्या टप्प्यातील गाळणी, नरसाळे किंवा ढवळणी पहिल्या टप्प्यात वापरणे हे याचे प्रमुख कारण आहे. नळीने निवळ काढताना तोंडाने ओढणे हेही एक कारण होय. नळी उकळून थंड केलेल्या पाण्याने भरून घ्यावी आणि तिचे एक टोक बोटाने बंद ठेवून प्रवाह सुरू करावा.

*वाचन चुकणे.* द्राक्ष बागायतदारांना रिफ्रॅक्टोमीटर परिचित आहे. ताज्या रसाचा ब्रिक्स मोजण्यास तो उत्तम आहे. परंतु मद्यार्क तयार होऊ लागल्यावर तो प्रत्यक्षापेक्षा अधिक साखर दाखवितो. ‘अजून साखर आहे’ असे समजून उत्पादक अनेक दिवस वाया घालवितो. किण्वन सुरू झाल्यानंतर हायड्रोमीटर वापरावा व नमुन्यातील वायू ढवळून काढून टाकावा, कारण बुडबुडे चिकटले की हायड्रोमीटर वर उचलला जातो. तीन दिवस वाचन स्थिर राहिले म्हणजे पहिला टप्पा संपला. साधारण १५ ब्रिक्सच्या उसाच्या रसातून सात ते आठ टक्के मद्यार्क मिळतो.

दुसऱ्या टप्प्यातील बिघाड

गाळ मागे ठेवून निवळ रुंद तोंडाच्या भांड्यात घ्यावी. तीत सुमारे एक-चतुर्थांश प्रमाणात चांगला, न तापविलेला शिरका विरजण म्हणून मिसळावा. भांडे दोन-तृतीयांशापेक्षा अधिक भरू नये आणि तोंडाला मलमलीचे दुहेरी फडके बांधावे. २८ ते ३२ अंश तापमान जीवाणूंना मानवते. या संथ पद्धतीने शिरका तयार होण्यास एक ते तीन महिने लागतात. विदर्भ-मराठवाड्याच्या कडक उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली भांडी बंद पडतात, कारण तापमान चाळिशीकडे जाऊ लागले की जीवाणू निष्क्रिय होतात.

*पृष्ठभागावरील थर ओळखण्यातील चूक.* गुळगुळीत, चिवट, अर्धपारदर्शक थर ही जीवाणूंचीच निर्मिती असते. तो घाण समजून फेकून देणे हा मोठा तोटा होय. भांडे हलविल्यास हा थर बुडतो व काम मंदावते, म्हणून ते जागचे हलवू नये. पांढरी, सुरकुतलेली, सहज मोडणारी साय ही जंगली यीस्टची असते. विरजण कमी पडल्याची ती खूण आहे. केसाळ, हिरवी किंवा काळी वाढ ही बुरशी होय. बुरशी आलेली घाणी टाकून द्यावी. वरचा थर काढून खालचा शिरका वापरू नये.

*तयार शिरक्याचा आंबटपणा उतरणे.* मद्यार्क संपल्यानंतरही हवा मिळत राहिली, तर हेच जीवाणू ॲसिटिक आम्लाचे कर्बवायू व पाणी यांत रूपांतर करू लागतात. ‘जितका मुरेल तितका चांगला’ हा लोणच्याचा नियम उघड्या भांड्यातील शिरक्यास लागू पडत नाही. आठवड्यातून एकदा आम्लता मोजावी. ती वाढायची थांबताच शिरका गाळून, ६० ते ६५ अंशांवर अर्धा तास तापवून बाटल्यांत काठोकाठ भरावा.

*धातूंचा परिणाम.* शिरका लोखंड, तांबे, पितळ, ॲल्युमिनियम आणि जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा यांना खातो. त्यामुळे रंग काळवंडतो, चव धातूसारखी होते आणि तांब्याचे विषारी क्षार शिरक्यात उतरतात. काच, खाद्य दर्जाचे जाड प्लास्टिक किंवा उत्तम प्रतीचे स्टेनलेस स्टील वापरावे. चिनी मातीच्या जुन्या बरणीच्या झिलईत शिसे असू शकते, म्हणून झिलईची खात्री नसल्यास अशी बरणी टाळावी. पुष्कळदा भांडे योग्य असते, पण त्याची तोटी पितळेची असते, याकडेही लक्ष द्यावे. कीटकनाशकाचा रिकामा कॅन किंवा फवारणीचे मापपात्र कितीही धुतले तरी येथे निषिद्ध समजावे.

साधनांची मांडणी

वरील बिघाडांपैकी बहुतेकांचा उगम ‘हाताला लागले ते साधन’ या सवयीत आहे. पुढील व्यवस्था लहान घटकासही परवडणारी आहे.

१. एकमार्गी प्रवाह. फळांची आवक, धुणे, रस काढणे, पहिला टप्पा, दुसरा टप्पा, बाटलीबंदी अशा क्रमाने जागा आखावी. माल मागे फिरता कामा नये. दोन्ही टप्प्यांसाठी स्वतंत्र खोल्या असाव्यात. ते शक्य नसल्यास मध्ये भिंत किंवा जाड पडदा असावा. दिवसाचे पहिल्या टप्प्याचे काम आधी उरकावे व त्यानंतरच शिरक्यास हात लावावा. शेणस्लरी व जीवामृताच्या टाक्या, तसेच दह्या-ताकाचे काम दोन्हींपासून दूर असावे.

२. रंगांची खूण. पहिल्या टप्प्याच्या प्रत्येक साधनास निळी व दुसऱ्या टप्प्याच्या साधनास लाल चिकटपट्टी लावावी. बादली, गाळणी, नरसाळे, नळी, ढवळणी, मापपात्र आणि ब्रशसुद्धा दोन-दोन ठेवावेत. निळ्या खुणेचे साधन चुकून शिरक्यात गेले, तर त्याची खूण बदलून लाल करावी. ते पुन्हा निळ्यात आणू नये.

३. टांगणे व वाळविणे. गुंडाळून ठेवलेल्या नळीत पाणी साचते आणि तेथे जीवाणूंचा बुळबुळीत थर तयार होतो. नळी धुऊन, दोन्ही टोके खाली राहतील अशी खुंटीवर टांगावी. बादल्या जाळीदार मांडणीवर पालथ्या ठेवाव्यात. ओल्या बादल्या एकमेकींत घालून ठेवू नयेत. प्लास्टिक घासण्यासाठी तारेची घासणी वापरू नये, कारण ओरखड्यांत जीवाणू दडतात. खोल ओरखडे पडलेली बादली फळे धुण्यासाठी वापरावी.

४. सुट्या भागांची पेटी. तोट्या, रबरी चकत्या, बुचे व वायुनळीचे तुकडे झाकणाच्या कप्पेदार पेटीत ठेवावेत. पेटीच्या झाकणावर आतून भागांची यादी व संख्या लिहावी. प्रत्येक घाणीनंतर तोटी पूर्ण उघडून धुवावी. वरून चकाकणाऱ्या भांड्याच्या तोटीत जुना गाळ असतो आणि पुढची घाणी तेथूनच बिघडते.

५. धुणे व निर्जंतुक करणे यांत फरक. चिकटलेला गाळ निघाल्याशिवाय कोणतेही जंतुनाशक उपयोगी पडत नाही. प्रथम गरम पाणी व ब्रश, त्यानंतर निर्जंतुकीकरण हा क्रम पाळावा. स्टीलसाठी उकळते पाणी पुरेसे आहे. काच व प्लास्टिकसाठी क्लोरीनचे सौम्य द्रावण वापरल्यास नंतर उकळून थंड केलेल्या पाण्याने ते पूर्ण खळाळून काढावे.

६. रसायनांचे स्वतंत्र कपाट. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, किंवा तत्सम क्लोरीनयुक्त द्रव शिरक्यात मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. शिरक्याने ओल्या असलेल्या भांड्यात ब्लीचिंग पावडर टाकून ते घासणे हा या उद्योगातील सर्वांत धोकादायक प्रकार होय. भांडे आधी भरपूर पाण्याने धुवावे. क्लोरीनयुक्त पदार्थ शिरक्याच्या खोलीबाहेरील कुलूपबंद कपाटात ठेवावेत. मेटाबायसल्फाइटची पाकिटेही कोरड्या जागी, आम्लापासून दूर ठेवावीत. त्यातून सुटणारा वायू दम्याच्या रुग्णास विशेष त्रासदायक असतो.

७. नोंदपत्रक. प्रत्येक भांड्यास घाणीचा क्रमांक, फळ, तारीख, सुरुवातीचा ब्रिक्स, यीस्टचे किंवा विरजणाचे प्रमाण, तापमान व वाचने यांचे पत्रक अडकवावे. बिघाड झाल्यास कारण शोधण्याचे आणि यश मिळाल्यास ते पुन्हा साधण्याचे हे एकमेव साधन आहे.

आम्लतेची सोपी तपासणी

भारतीय मानकांनुसार नैसर्गिक शिरक्यात किमान ३.७५ टक्के ॲसिटिक आम्ल असावे लागते. चवीवरून किंवा पीएच पट्टीवरून हे प्रमाण कळत नाही. पिपेटने ५ मिलिलिटर शिरका घेऊन तो ऊर्ध्वपातित पाण्याने पातळ करावा, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन-तीन थेंब टाकावेत आणि ब्युरेटमधून ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने सोडावे. फिकट गुलाबी रंग टिकताच थांबावे. खर्च झालेल्या मिलिलिटरांस ०.१२ ने गुणले की आम्लतेचे शेकडा प्रमाण मिळते. उदाहरणार्थ, ३५ मिलिलिटर द्रावण लागल्यास आम्लता ४.२ टक्के होय. गडद जांभळ्या रंगाच्या शिरक्यात हा बदल दिसण्यासाठी तो अधिक पातळ करावा. तपासणीचे द्रावण उघडे राहिल्यास हवेतील कर्बवायूमुळे त्याची शक्ती घटते, म्हणून बाटली घट्ट बंद ठेवावी.

आम्लता कमी भरल्यास बाजारातील ॲसिटिक ॲसिड घालून ती वाढविण्याचा मोह होतो. तसे केलेला माल ‘नैसर्गिक’ म्हणून विकणे ही भेसळ व ग्राहकाची फसवणूक आहे. मद्यार्क शिल्लक असेल तर विरजण व हवा वाढवून ती घाणी सुधारता येते. मद्यार्क संपला असेल तर ती अधिक आम्लतेच्या दुसऱ्या नैसर्गिक घाणीत मिसळावी आणि मिश्रणाची पुन्हा तपासणी करावी.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

प्रशिक्षणात कृती शिकविण्यास जितका वेळ दिला जातो, तितकाच साधने उघडणे, धुणे, टांगणे व खुणा लावणे यांच्या प्रात्यक्षिकास द्यावा. नव्या उत्पादकास पहिली घाणी १० ते २० लिटरचीच करण्यास सांगावे. भेटीच्या वेळी तयार शिरक्याची चव घेण्याआधी पुढील पाच गोष्टी पाहाव्यात: वायूची नळी मोकळी आहे काय, निळी व लाल साधने वेगळ्या जागी आहेत काय, तोटी उघडून धुतली जाते काय, क्लोरीनयुक्त पदार्थ कोठे ठेवले आहेत, आणि नोंदपत्रकावर शेवटचे वाचन कोणत्या तारखेचे आहे. या पाचांपैकी एकही उत्तर असमाधानकारक असल्यास पुढील घाणी सुरू करण्यापूर्वी ती उणीव दूर करून घ्यावी. बिघडलेल्या एका घाणीत फळे, इंधन आणि दोन-तीन महिन्यांचे श्रम वाया जातात. त्या मानाने दोन रंगांच्या चिकटपट्ट्या, चार खुंट्या आणि एक वही यांचा खर्च नगण्य आहे.